चौथी चूक

प्रूफ वाचणाऱ्यानं अर्थाच्या नादी लागायचं नसतं. छापखान्यात रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात मला हे सांगण्यात आलं आणि एकतीस वर्षं मी ते निमूटपणे पाळलं. अर्थ कळायला लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. म्हणून कविता असो, कायद्याचं कलम असो, नाहीतर पंपदुरुस्तीचं माहितीपत्रक असो, आपण बघायचं ते काना, मात्रा, वेलांटी, उकार. माझ्या हाताखालून शेकड्यानं कादंबऱ्या गेल्या. एकीचाही शेवट मला सांगता येणार नाही. पण त्यांतल्या एखाद्या पानावर 'पुर्ण' सापडतो का बघा. सापडला तर नाव बदलीन.

तसं नाव बदलायची गरज नव्हती, छापखान्यातल्यांनी ते केव्हाच बदललं होतं. 'वेलांटीबाई.' तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण आमच्या खोल्यांमधल्या भिंती प्लायवूडच्या होत्या. घरी मी, दादा आणि वहिनी. दादा माझा थोरला भाऊ. पाणीपुरवठा कार्यालयात बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी लिहून घेऊन तो निवृत्त झाला. त्याच्या शुद्धलेखनाबद्दल न बोललेलं बरं, पण बोलावं लागणार आहे. त्याच्या जगात एकच वेलांटी आहे, ती म्हणजे दुसरी. 'दीवस', 'पीशवी', 'तीकडे'. पहिली वेलांटी म्हणजे अक्षर यायच्या आधीच तिची तयारी करायची, हा त्याला लहानपणापासून उलटा कारभार वाटतो. शाळेत असताना मी त्याच्या वह्यांत खुणा करायचे आणि तो माझ्या वेण्या ओढायचा.

गाठ सापडली ती माझ्या नाकामागच्या पोकळीत, दोन डोळ्यांच्या मधोमध. शस्त्रक्रियेत बरीचशी निघाली. उरल्यासुरल्या मुळांसाठी तेहेतीस दिवस किरणं घ्यायची ठरली आणि त्याआधी सही करायला तीन पानी फॉर्म आला. किरणोपचाराच्या डॉक्टर तिशीतल्या होत्या, चुरुचुरु बोलणाऱ्या. त्या समोर बसून काहीतरी समजावत होत्या आणि मी वाचत होते. वाचताना मला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. छापखान्यात एकदा आग लागल्याची घंटा झाली होती, तेव्हाही मला खांदा धरून उठवावं लागलं होतं.

"सगळं नीट वाचलंत ना?" डॉक्टरांनी विचारलं. "काही शंका असेल तर विचारा."

"शंका नाही, चुका आहेत," मी म्हणाले. "चार."

त्या मनापासून हसल्या. "मग दुरुस्त करूनच द्या, पुढच्या वेळी तसा छापून घेऊ." मी त्यांच्याच पेनानं समासात चार दुरुस्त्या केल्या आणि खाली सही ठोकली. शेजारी नातेवाइकाच्या सहीचा चौकोन होता. डॉक्टरांनी फॉर्म दादापुढे सरकवला. "तुम्हीही वाचून घ्या."

"हिनं वाचलाय ना," दादा म्हणाला. "हिच्या नजरेतून काही सुटत नाही." आणि त्यानं सही केली.

हा किस्सा मी पुढे दीड वर्ष सगळ्यांना सांगितला. भेटायला येणारे चेहरे पाडून यायचे, त्यांना हसवायला काहीतरी हवंच होतं. 'पुर्ण' होता, 'अनुमति' होती, 'नातेवाइक' होता. चौथी चूक मात्र कधी आठवली नाही. वहिनी म्हणायच्या, "तीनच असतील हो वन्सं. चौथी तुम्ही हौसेनं वाढवली असेल."

किरणांच्या त्या तेहेतीस दिवसांबद्दल मी कुणाला फारसं सांगत नाही. गरम, मऊ जाळी चेहऱ्यावर दाबून त्यांनी मुखवटा बनवला होता. गार झाल्यावर ती माझ्याच चेहऱ्याच्या आकाराची कडक झाली. रोज तो घालून माझं डोकं टेबलाला खिट्ट्यांनी पक्कं करायचे. हनुवटी हलायची नाही, पापणी जेमतेम. मग सगळे बाहेर जात, जाड दार बंद होई आणि मी आत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो अक्षरशः. पहिल्या दिवशी ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला जबडा उघडावा लागतो. मग मी मनातल्या मनात शुद्धलेखनाचे नियम म्हणायला लागले. संस्कृतातून आलेला शब्द एकटा असला तर शेवटी दुसरी वेलांटी. समासात पुढे दुसरा शब्द जोडला तर पहिली. बुद्धी, पण बुद्धिबळ. शक्ती, पण शक्तिस्थान. दहाएक मिनिटांनी पावलं वाजायची, कुणीतरी खिट्ट्या काढायचं. बाहेर वहिनी माझा चष्मा घेऊन उभ्या असायच्या. गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले बघून म्हणायच्या, "आज आलेखाची वही झालीय बरं का."

गाठ गेली. मी कामावर परतले. छापखान्यातल्या उंच स्टुलावर बसून पुन्हा लोकांच्या चुका काढायला लागले, आणि तेव्हा मला वाटलं, संपलं आता सगळं.

एकोणीस महिन्यांनी, सकाळी सव्वादहाला, सातवीच्या भूगोलाचं प्रूफ वाचताना उजव्या डोळ्यापुढे एक मळकट डाग आला. मी तीन वेळा चष्मा पुसला. चौथ्यांदा डावा डोळा मिटून बघितलं, तर नद्यांची नावं दिसेनात. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान दात-ओठ खाता आले असते. दोन आठवड्यांत त्या डोळ्यासमोर राखाडी भिंत उभी राहिली.

सगळ्या तपासण्या झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांसमोर बसलो.

"गाठ परत आलेली नाही," त्या म्हणाल्या.

"मग डोळा का गेला?"

"डोळा चांगला आहे. मागची नस किरणांनी दुखावलीय. हे लगेच कळत नाही. वर्ष-दीड वर्षानं, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतं. फार थोड्यांना होतं."

"औषध?"

"गोळ्या देते. पण गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही. खात्रीचं औषध नाही यावर."

"आणि डावा?"

त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "गाठ मधोमध होती. दोन्ही नसा तिच्याजवळ होत्या. सांगता येत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक उठली. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. फॉर्मवरही होतं."

"फॉर्म मी वाचलाय!" माझा आवाज दाराबाहेर गेला असणार, कारण बाहेरची कुजबुज थांबली. "चार चुका काढल्यात मी त्यात. असं काही लिहिलेलं असतं तर मला दिसलं नसतं? खोटं बोलताय तुम्ही."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्या उलटून काही बोलल्या नाहीत. दादानं मला दंडाला धरून बाहेर आणलं, आणि रिक्षात बसल्यावर म्हणाला, "आयुष्यभर लोकांच्या तक्रारी घेतल्या, चिमे. आता एक मी देतो." घरी मला तो अजून चिमी म्हणतो, छप्पन्न वर्षांच्या बाईला.

दादा कामाला लागला. रुग्णालयाची तक्रारींसाठी समिती होती. त्यानं माझ्या कागदपत्रांच्या प्रती मागवल्या, एक निळी फाइल आणली आणि तिच्यावर माझं नाव घातलं. त्यातही एक वेलांटी चुकवली. मला बरं वाटत होतं. कुणीतरी दोषी आहे आणि तो मी नाही, हे फार बरं वाटतं. रात्री डोकं टेकलं की त्या डॉक्टरांचा लाल चेहरा आठवायचा आणि मी स्वतःशी म्हणायचे, कशी गप्प बसली, खरं होतं म्हणूनच ना.

मग डावा डोळाही जायला लागला. त्याची तऱ्हा वेगळी. त्याचा खालचा अर्धा भाग धुक्यात गेला, वरचा राहिला. माणसं छातीपर्यंत दिसतात, त्यांच्या हातातला कप दिसत नाही. दाराची चौकट दिसते, उंबरठा नाही. जिना तर नाहीच, म्हणून मी खाली उतरणं सोडलं. आणि कागदावर शिरोरेघ दिसते, अक्षरं दिसतात, अक्षरांखालचं काही दिसत नाही. म्हणजे माझे सगळे उकार गेले. 'मुलगा'चा 'मलगा' झाला, 'सून' 'सन' झाली. 'चूक' हा शब्दच 'चक' दिसायला लागला. ओळीच्या बरंच खाली बघितलं की उकार क्षणभर डोकवायचे, पण तेवढ्यात ओळ हातची जायची. व्यवस्थापक फोनवर फार गोड बोलले. "विश्रांती घ्या बाई." सातवीचा भूगोल त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला. त्यातल्या नद्यांच्या ह्रस्व-दीर्घाचं काय झालं असेल, या विचारानं मला दोन दिवस अन्न गेलं नाही.

दिवसभर मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. धुकं रोज नखभर वर चढतं. कधीकधी वाटतं, तोच मुखवटा परत चढवलाय. तेव्हा निदान दहा मिनिटांनी कुणीतरी येऊन खिट्ट्या काढायचं. आता पावलं वाजली की वहिनी असतात, आणि त्यांच्या हातात काढण्यासारखं काही नसतं.

परवा सकाळी दादा दोन टाइप केलेली पानं घेऊन आला. मागोमाग वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप माझ्या हाताला लावून दिला.

"वाच आणि सही कर," दादा म्हणाला. "सोमवारी समिती बसतेय. त्या डॉक्टरीणबाईंना बोलावलंय. कामावरून काढतील नाहीतर बदली करतील, पण सोडणार नाहीत."

"कागदपत्रं आली का? फॉर्मची प्रत?"

"आली. फाइलीत लावलीय. तू नको त्रास घेऊ, हे वाच."

मी पान उचलून डोळ्यांच्या वर धरलं. एका वेळी एक ओळ, खालून वर सरकवत. उकारांचं त्यानं काय केलं होतं देव जाणे, पण वेलांट्या वर असतात, त्या मला अजून दिसतात. दादा आपल्या जातीवर गेला होता. 'नीष्काळजीपणा.' 'जीवीताचा प्रश्न.' 'मानसीक.' माझा हात आपोआप पेन शोधायला लागला, वहिनींनी ते दिलं. पहिल्या पानावर अकरा खुणा केल्या.

आणि मग तो शब्द आला. दृष्टिमज्जातंतू, म्हणजे डोळ्यामागची तीच नस. त्यातला ऋकार मला दिसला नाही, शेवटचा उकारही नाही. पण वेलांटी दिसली. पहिली.

मी पुढे गेले. खाली तो शब्द पुन्हा होता, पुन्हा पहिली वेलांटी. दुसऱ्या पानावर तिसऱ्यांदा, तिथंही पहिली. बाकी 'दीवस' होते तसेच होते.

दादाला समास कळत नाही. दादाला 'दिवस' येत नाही.

"हा शब्द कुठून उतरवलास?" मी विचारलं.

"कुठला?"

"दृष्टिमज्जातंतू."

"फॉर्मवरून. मला कुठला येतोय असला शब्द."

"फॉर्मवर छापलेला असाच होता? की दुरुस्त केलेला?"

दादानं फाइल जवळ ओढली. वहिनी बशी उचलत होत्या, ती टेबलावर टेकलेली ऐकू आली.

"दादा, फॉर्म दे."

"कशाला आता..."

"दे."

त्यानं फाइल उघडली. मी कागद डोळ्यांवर धरला आणि खालून वर सरकवत गेले. पहिल्या पानावर 'पूर्ण', समासात माझं अक्षर. मग 'अनुमती'. दुसऱ्या पानाच्या मध्यावर 'दृष्टीमज्जातंतू', दुसऱ्या वेलांटीवर माझा तिरका छेद, आणि बाहेर समासात, सुबक, वळणदार, पहिली वेलांटी घातलेला शब्द. समासातला शब्द आणि दुरुस्तीही समासात. ही चौथी चूक. ती मी दीड वर्ष शोधत होते.

मी फॉर्म मांडीवर ठेवला.

"कधीपासून माहितीय तुला?"

"प्रत आली त्या दिवसापासून." दादाचा आवाज खाली गेला होता. "तुझी खूण मी ओळखत नाही होय? माझ्या सगळ्या वह्या भरल्यात तिनं."

"आणि तरी ही तक्रार लिहिलीस? मला सांगितलं नाही असं लिहिलंस?"

"समितीतल्यांना काय कळणार आहे? त्यांना वाटेल कारकुनानं काहीतरी खरडलंय. सही कर तू, चिमे."

"त्या बाईची नोकरी जाईल."

"जाऊ दे! तुझे डोळे चाललेत!" तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "खाली माझी सही आहे. नातेवाईक म्हणून. तीन पानं होती, मी एक ओळ वाचली नाही. हिनं वाचलंय म्हटलं. तिची चूक निघाली असती ना, तर माझी जरा कमी झाली असती."

माझा भाऊ रडत होता. मला त्याचे डोळे दिसत होते, नाक दिसत होतं, त्याखालचं नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. पण राग करायचा कुणाचा? डॉक्टरांनी तोंडानं सांगितलं, मी ऐकलं नाही. कागदावर लिहून दिलं, मी त्याची वेलांटी सुधारून परत केलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"तू वाचलं असतंस तर?" मी विचारलं. "काय केलं असतंस?"

त्यानं फाइल मिटली. "सहीच केली असती," म्हणाला. "गाठ होती ना."

"मग?"

"पण सांगितलं तरी असतं तुला. तयारी झाली असती तुझी. तू..."

मी तक्रारीचं दुसरं पान उचललं. शेवटून तिसरी ओळ होती: या धोक्याची पूर्ण कल्पना मला देण्यात आली नव्हती. 'नव्हती'वर मी छेद दिला. समास कुठं संपतो ते बोटानं चाचपलं आणि तिथं 'होती' लिहिलं. मग खाली सही केली. दुरुस्त केलेल्या प्रुफावर सही करायचीच असते, नाहीतर ते पुढे जात नाही.

वहिनींनी वाकून बघितलं. "आता ही कुणाविरुद्ध द्यायची?" त्यांनी हळूच विचारलं. डॉक्टरांना मी भर दवाखान्यात खोटं ठरवलं होतं. त्यांच्यासमोर जाऊन ते परत घ्यायला जिना उतरावा लागणार, आणि मला पायरी दिसत नाही.

"दादा, फॉर्मवरचं ते वाक्य वाच," मी म्हणाले. "मोठ्यानं. विरामचिन्हांसकट." छापखान्यात आम्ही असंच करतो, एकानं मूळ प्रत वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर डोळा ठेवायचा.

दादानं नाक पुसलं. "किरणोपचारामुळे दृष्टि, पहिली वेलांटी, मज्जातंतूला इजा होऊ शकते, स्वल्पविराम, व त्यामुळे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी एका अथवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी कायमची जाऊ शकते, पूर्णविराम."

"शेवटची दृष्टी कुठली?"

"दुसरी वेलांटी."

"एकटा शब्द आहे. बरोबर आहे. तिथं माझी खूण आहे का काही?"

"नाही. तिथं काही नाही."

स्वल्पविरामाच्या पुढे चूकच नव्हती. म्हणून माझा डोळा तिथं थांबला नव्हता, सरळ पुढच्या ओळीवर गेला होता.

"परत वाच," मी म्हणाले. "या वेळी वेलांट्या सोड."

दादा वाचायला लागला. सावकाश, शाळेतल्यासारखं, एकेक शब्द. "...व त्यामुळे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी एका अथवा..." तो थांबला.

"दोन्ही," मी म्हणाले.